भागा मुक्काम कसा शोधायची

परगावी गेलं की माणसं आधी देऊळ बघतात, नाहीतर खानावळ बघतात. माझी बायको दारं बघायची. सकाळच्या वेळी एखाद्या आळीत शिरायची, डोक्यावरचा पदर पुढं ओढायची आणि दोन्ही बाजूंची दारं बघत शेवटपर्यंत जाऊन परत यायची. कुणी विचारलं, "कोण पाहिजे?" तर म्हणायची, "कोण नाय. बघते." लोकांना वाटायचं, बाई चोरीच्या इराद्यानं फिरतेय. एकदा त्र्यंबकला एका बाईनं तिच्या अंगावर कुत्रं सोडलं. भागा कुत्र्याला म्हणाली, "हाड." आणि बाईला म्हणाली, "तुमची कालची पुडी अजून कडीलाच हाय." बाई कडीकडं बघायला वळली तोवर ही चार दारं पुढं गेली होती.

पुडी म्हणजे देवाच्या फुलांची पुडी. चार फुलं, दूर्वा, तुळशीची पानं, हे सगळं एका पानात गुंडाळायचं, केळीच्या सोपानं, म्हणजे खोडाच्या वाळक्या दोऱ्यानं, बांधायचं आणि पहाटे गिऱ्हाइकाच्या दाराच्या कडीला अडकवून पुढं जायचं. आम्ही नाशकाजवळच्या मखमलाबादचे, मळ्यात गुलाब, मोगरा, शेवंती, झेंडू. भागा लग्न होऊन आली तशी माझ्या आईबरोबर नाशकात पुड्या घालायला लागली आणि गुडघे चालले तोवर घालत राहिली. एवढी वर्षं रोज लोकांच्या बंद दारांपुढं उभं राहिल्यावर माणसाला दारातलं कळायला लागतं. तिला कळायचं.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण घशाच्या ऑपरेशनपासून माझा आवाज अर्धा गेला. जरा बोललो की नुसती हवा येते. भागा कशी होती हे जरा बोलून सांगता येत नाही, म्हणून लिहितो. ती जाऊन आता वर्ष होत आलं.

तिची दारं बघायची रीत सांगतो. उन्हं वर आली तरी पुडी कडीलाच असली, तर त्या घरात माणसं उशिरा उठतात नाहीतर रात्री भांडण झालेलं आहे. पुडी नेलेली पण सोप तुटून लोंबतोय, तर ती पोरानं ओढून नेली, घरात लक्ष घालणारं मोठं माणूस नाही. आणि पुडी अडकवायच्या आधीच दार उघडलं, तर आत कुणीतरी म्हातारं माणूस वाट बघत बसलेलं आहे. तिथं पाणी मागायला हरकत नाही. मी एकदा तिला डिवचायला विचारलं, "आन ज्यांच्याकडं पुडीच येत नाय ते?"

"त्यांचा देव येगळा असंल. नायतर देव आपलाच असंल, पण पोट आधी असंल. त्यांच्या दाराला दुसरं काय तरी असतंच की. झाडलेला उंबरा असतो, चपला असतात. पुडी नाय म्हणून नाव ठेवायला मी काय भटजी हाय?"

पुड्या घालून झाल्या की ती गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या, घाटाच्या अलीकडं फुलांची पाटी घेऊन बसायची. नाशकाला माणसं येतात ती दोन कामांना. देवाला येतात, नाहीतर दहाव्याला येतात. दोन्ही कामांना फुलं लागतात, म्हणून दोन्ही तऱ्हेची माणसं तिच्याकडं थांबायची आणि फुलं घेऊन झाली की तेच विचारायची, राहायचं कुठं?

एकदा मी मळ्यातून फुलं घेऊन आलो होतो तेव्हाची गोष्ट. सटाण्याकडचा एक तरणा माणूस आला. डोकं नुकतंच भादरलेलं, मागं त्याची म्हातारी आई. आईच्या कपाळावर कुंकू नव्हतं आणि कुंकवाच्या जागेची कातडी अजून पांढरी होती.

"मावशी, धरमशाळा कोठे शे?"

भागानं त्याच्याकडं बघितलंच नाही. म्हातारीकडं बघत म्हणाली, "समदं झालं का?"

"व्हयनं. आते उद्या गाडी शे."

"मग घाटावर राहू नका. इथली धर्मशाळा चांगली हाय, मी नाय म्हणत नाय. पण सकाळी खिडकी उघडली की आईला परत तेच दिसंल. तीच डोकी भादरणं, तेच पिंड, तेच कावळे. पूल ओलांडा, सराफ बाजाराकडं जा. फुलबाजाराच्या वर खोल्या देतात. खाली पहाटंपासून आरडाओरडा, भांडीवाल्यांचा खडखडाट."

"मंग झोप कशी लागी?"

"आईला आज कुठं बी झोप लागणार हाय का? आवाज तरी जित्या माणसांचा ऐकू दे तिला."

म्हातारी इतका वेळ खाली बघत होती. तिनं मान वर केली. मुलाचा हात धरला आणि पुलाकडं चालायला लागली. मुलगा मागनं.

मी म्हटलं, "धर्मशाळावाला एक दिवस तुझी पाटी गंगेत फेकंल."

"कशाला फेकंल? दर्शनाची माणसं मी त्याच्याकडंच पाठवते. त्याला देवाची, बाजाराला दुःखाची. कुणाचं नुकसान करते मी?"

असं तिचं शास्त्र. ते एकदाच चुकलं, पण चांगलंच चुकलं.

सत्तर-एकाहत्तर साल असेल. दसऱ्याचा झेंडू जोरात गेला होता. आमची फुलं एस.टी.च्या टपावरून दादरला जायची. तिथला आडत्या म्हणाला, "तात्या, नुसती फुलं पाठवता, एकदा स्वतः या. समुद्र तरी बघा." आम्ही गेलो. घाटात गाडी बंद पडली आणि मुंबईत पोचेपर्यंत दिवस कलला. आडत्याचा गाळा बंद. आता मुक्काम बघायचा, तर संध्याकाळी कुणाच्या दाराला पुडी असणार? भागा म्हणाली, "चला, चालत राहू. काय तरी दिसंल."

चालता चालता आम्ही कुठल्या कुठं गेलो. एका रस्त्याला गजरेवाले ओळीनं बसलेले होते. एवढा खप मी नाशकात लग्नसराईतही बघितला नव्हता. विणणाऱ्याचा हात थांबत नव्हता आणि बायका उभ्या राहून राहून गजरे नेत होत्या. भागा थबकली.

"इथं राहू."

"का?"

"अवो, येवढ्या बायका रोजचा गजरा माळतात. म्हंजी घरात सुख हाय, नवरे दिवस मावळायला घरी येतात. अशी वस्ती नाशकात बी नाय."

मलाही पटलं. आम्ही मोगरा पिकवणारी माणसं. गजरा म्हणजे घरची बाई, यापलीकडं गजऱ्याचं आम्हाला काही ठाऊक नव्हतं.

तिथंच एक लॉज होता. गल्ल्यावरच्या माणसानं विचारलं, "कितनी देर?"

मी म्हटलं, "देर म्हंजी? सकाळपर्यंत."

त्यानं भागाचं नऊवारी लुगडं बघितलं, हातातलं भाकरीचं गाठोडं बघितलं. "चाचा, घरवाली है क्या?"

"मग काय शेजारीण हाय?"

तो डोक्याला हात लावून हसला आणि किल्ली दिली. मला वाटलं मुंबईची माणसं हसरी आहेत.

भागा खिडकीत उभी राहिली. गल्ली अरुंद, समोरच्या खिडकीत एक बाई पावडर लावत बसली होती. केसात नवा गजरा. तिनं इकडं बघितलं आणि मराठीत विचारलं, "मावशे, कुठल्या गं तुम्ही?"

"नाशकाच्या."

"कुणी आणलं तुमाला हितं?"

"कोण आणणार? मीच निवडली जागा. गजऱ्याचा खप बघितला आन म्हटलं, वस्ती चांगली हाय."

ती बाई मोठ्यानं हसली. मग हसायची थांबली. खाली उतरली, गल्ली ओलांडून आमच्या जिन्यानं वर आली. बोलणं सांगली-मिरजेकडचं होतं. माझ्याकडं न बघता भागाला म्हणाली, "काकास्नी घेऊन आत्ताच्या आत्ता उठा. दिवे लागल्यावर हितनं निघाय तुमालाच कसंसं होईल. ही घरं संसाराची न्हाईत, मावशे."

भागाला कळलं. मला जरा उशिरा कळलं. बाई पुढं, आम्ही मागं. तिनंच टॅक्सी थांबवली, टॅक्सीवाल्याला दम भरला, दादरला एका बऱ्या लॉजचं नाव सांगितलं. भागानं गाठोड्यातून एक पुडी काढली. मुंबईच्या देवीला घालायला नाशकाहून आणली होती.

"ही घे. तुझ्या देवाला घाल."

"माझ्या दाराला कोण पुडी अडकवतंय?"

"मग हातात घे," भागा म्हणाली.

तिनं घेतली. टॅक्सी सुटल्यावर भागानं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते की काय. मग म्हणाली, "पुडी सकाळची असती, गजरा संध्याकाळचा. दोन्ही फुलंच, पण हिशेब येगळा. पुढल्या खेपेला दिवस उगवायला पोचायचं." त्यानंतर आम्ही कुठंही गेलो तरी पहाटे पोचणाऱ्या गाडीनं गेलो. त्या बाईची आठवण मात्र तिनं ठेवली. मोगऱ्याच्या पहिल्या तोड्याला म्हणायची, "सांगलीवालीच्या केसात जाईल का आपलं फूल?" मी म्हणायचो, "जाईल." दुसरं काय म्हणणार?

पुढच्या खेपेला मुंबई बघायला म्हणून जाणं झालं नाही. चौऱ्याऐंशीच्या सुमाराला माझ्या घशात गाठ आली. बिड्या ओढायचो, त्याची. नाशकातल्या डॉक्टरनं मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथं सांगितलं, आधी ऑपरेशन, मग विजेचा शेक. सगळं मिळून दोन-अडीच महिने मुंबईत काढावे लागतील आणि बरोबर घरचं माणूस रोज हजर पाहिजे. औषध आणायला, रक्ताची बाटली आणायला, रात्री-अपरात्री बोलावलं तर यायला. माणूस नसेल तर गावी जाऊन घेऊन या, मग भरती करू.

माणूस कोण आणणार? थोरल्या पोरावर मळा, दिवाळीचं पीक उभं. धाकटा ओझरच्या विमानाच्या कारखान्यात नुकताच चिकटला होता, त्याची नोकरी अजून पक्की नव्हती. राहिली भागा. पण भागानं राहायचं कुठं? हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर रोग्यांची माणसं चुली मांडून बसलेली मी बघितली होती. धर्मशाळेत नंबर लागेना. मी सरळ म्हटलं, "जागा मिळाली नाय तर परत जाऊ. मरायला मखमलाबाद काय वाईट हाय?"

ती म्हणाली, "मरायला कुठं बी जागा मिळती. राहायला बघावी लागती."

उल्हासनगरला माझा भाचा होता. आला, पाया पडला, म्हणाला, "मामी, आमच्याकडं राहा. घर तुमचंच आहे." चांगलं पोरगं. भागानं त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. तो गेल्यावर मी चिडलो. आयती जागा सोडली.

"घर चांगलं हाय," ती म्हणाली. "पण लांब हाय. आन जवळ असतं तरी गेले नसते. तिथं येणारा जाणारा इचारणार, मामाचं कसं हाय, मामाचं कसं हाय. दिवसभर हितं तुमची गाठ बघायची आन संध्याकाळी तिथं जाऊन तीच गाठ लोकांस्नी सांगायची. मी येडी व्हईन."

मला वॉर्डात भरती केलं. डॉक्टरला तिनं सांगितलं, "माणूस मी हाय. जागा उद्या सांगते." आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती गायब झाली.

दिवसभर आली नाही. नर्स येऊन दोनदा विचारून गेली, "बाबा, तुमचं माणूस कुठंय? उद्या ऑपरेशन आहे." मी म्हटलं, येईल. दुपारी डॉक्टर आला. तो म्हणाला, संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही तर तुमचा नंबर पुढं ढकलावा लागेल, आणि पुढं म्हणजे किती पुढं हे मला सांगता येणार नाही. मी छताकडं बघत पडलो. आधी राग आला, मग भीती वाटली. त्या एवढ्या मोठ्या शहरात गजऱ्याच्या रस्त्याला लागलेली बाई ती.

दिवेलागणीला आली. पाय धुळीनं भरलेले, हातात एक पुडी. माझ्या उशाशी पुडी ठेवली आणि म्हणाली, "जागा झाली. डॉक्टरला सांगून आले."

"कुठं व्हतीस?"

"दारं बघत व्हते."

पहाटे ती दादरच्या फुलबाजारात गेली होती. तिथं पुड्या बांधत बसलेली एक बाई तिनं हेरली. हौसा नाव, जुन्नरकडची. भागानं तिला सांगितलं, "मी बी पुडीवालीच हाय, नाशकाची. तुझी पाटी आज मी डोक्यावर घेते, तू मला तुझी दारं दाखव." पाटी उचलायला कोण नाही म्हणतंय? दोघी निघाल्या. दादर, हिंदमाता, नायगाव. जिने चढायचे, पुडी अडकवायची, जिने उतरायचे. हौसा पुड्या अडकवत होती आणि भागा दारं बघत होती.

नायगावात एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर हौसाचं पाऊल वाजायच्या आधी दार उघडलं. आत एक म्हातारी. गोरी, ठेंगणी, केस विंचरलेले. तिनं हात पुढं केला, पुडी घेतली, तिथंच उघडली.

"हौसा, शेवंती शिळी आहे गं आज."

हौसाच्या मागून भागा म्हणाली, "शिळी नाय. नाशकाची हाय. गाडीत दबली."

"ही कोण?"

"मी बी नाशकाची. गाडीत दबले."

म्हातारी हसली. "ये, बस. पाणी पी," म्हणाली. तेवढ्या पाण्यात भागानं तिला सगळं सांगितलं. आणखी चार घरं बघायची म्हणून पुन्हा हौसाबरोबर फिरली, आणि फेरी संपल्यावर परत त्याच दाराशी गेली. त्या म्हातारीला सगळे माई म्हणत. मुलगा दिल्लीला, माई एकटी. एक खोली, एक स्वयंपाकघर, पुढं गॅलरी. भागानं स्वयंपाकघरात झोपायचं ठरलं. माईंची अट एकच होती. "सकाळी दार तू उघडायचं नाहीस. पुडी मी घेणार."

ऑपरेशन झालं. घशाला पट्ट्या, बोलायची बंदी. मी बोलू शकत नव्हतो, म्हणून भागा मनसोक्त बोलायची. रोज माईंची एकेक गोष्ट आणायची. आज माई दूधवाल्याशी भांडल्या. आज माईंनी मला पोहे करायला लावले आणि मीठ कमी म्हणून परत करायला लावले. आज माई म्हणाल्या, तुझं लुगडं फार घोळतं, पाय अडकून पडशील. माझ्या गाठीचं नाव नाही. मी पट्ट्यांतून ऐकायचो आणि मान हलवायचो. शेजारच्या खाटेवरचा गृहस्थ म्हणाला, "तुमच्या बाई माहेरी राहिल्यासारख्या दिसतात." मलाही तसंच वाटत होतं आणि त्याचा जरा रागही येत होता.

शेक सुरू झाल्यावर मला रात्री वॉर्डात ठेवायची गरज नव्हती. मीही माईंकडं गेलो, गॅलरीत पडायला. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"काय हो नाशिककर, बोलता येत नाही म्हणे?"

मी मान हलवली.

"बरं आहे. आमचे हे बोलून बोलून डोकं उठवायचे."

भिंतीवर त्यांच्या यजमानांचा फोटो होता. त्याला हार नव्हता, फूल नव्हतं. भागानं एकदा पुडीतलं एक फूल फोटोला लावायला उचललं तर माई ओरडल्या, "ठेव ते! त्यांना फुलांनी शिंका यायच्या. जन्मभर मी देवपूजा केली की हे गॅलरीत जाऊन बसायचे." भागानं फूल गणपतीला घातलं. मी मात्र त्या दिवशी गॅलरीत जरा सरकून बसलो.

तिथं मी बघितलं. रोज उजाडायच्या आत माई उठायच्या, तोंड धुवायच्या, केस विंचरायच्या आणि दाराशी स्टुलावर बसायच्या. कंबर दुखत असली तरी, ताप असला तरी. जिन्यात हौसाचं पाऊल वाजलं की कडी काढायच्या. पुडी उघडून काहीतरी खोड काढायच्या. मग दिवस सुरू. भागा स्वयंपाकघराच्या दारातून ते रोज बघत उभी असायची. तिलाही पहाटेची सवय, तेव्हा उठायची आणि बघत राहायची, काही न बोलता. भागा न बोलता उभी आहे, हे मी आयुष्यात फार वेळा बघितलेलं नाही.

शेक संपला. डॉक्टर म्हणाला, सध्या तरी बरं आहे. आम्ही निघालो तेव्हा माईंनी शेजारणीकडून भागाची ओटी भरवली आणि सांगितलं, "शेवंती पाठव. न दबलेली." पुढं भागानं दर हंगामात पाठवली, आडत्याकडून हौसाच्या हातानं. माईंचा निरोप यायचा, दबलेली होती.

परत येताना गाडीत, इगतपुरी मागं पडल्यावर, मी माझ्या नव्या फाटक्या आवाजात तिला विचारलं, "हॉस्पिटलच्या जवळ दुसरं घर नव्हतं? नायगावहून रोज चालत यायचीस."

"व्हतं की. हॉस्पिटलच्या मागंच. सासू-सून, खोली मोठी, नळ घरात. देत व्हते."

"मग?"

तिनं मांडीवरचं गाठोडं जवळ ओढलं. मग म्हणाली, "माईंचा नवरा जाऊन दोन वर्सं झालती. हौसानं जिन्यातच सांगितलं मला. तरी ती बाई पुडीच्या आधी उठती, दार उघडती, शेवंतीला नाव ठेवती. तुमचं काय नक्की नव्हतं. डॉक्टर माझ्या डोळ्यात बघून बोलत नव्हता. म्हटलं, एकटं पडलेलं माणूस सकाळी उठतं कसं, ते बघून ठेवावं. शिकून ठेवावं."

मी विचारलं, "शिकलीस?"

"शिकले. आता काय उपेग? तुम्ही जगलात." आणि हसली, गाठोडं सोडून भाकरी काढली.

गेल्या वर्षी तिला कावीळ झाली. गावठी औषध झालं, सरकारी दवाखाना झाला. पंधरवडाभर होती, मग गेली. मुंबईला न्यायचं ठरत होतं तोवर गेली. त्यावर मी जास्त लिहीत नाही. घशाची गाठ झालेला माणूस मागं राहिला आणि धडधाकट बाई गेली. ह्याचा जाब कुणाला विचारायचा ते मला माहीत नाही.

दहावं गंगेवर झालं. ती जिथं पाटी घेऊन बसायची तिथून पन्नास पावलांवर. मग मळ्यातल्या घरी बसलो. थोरला, सून, नातवंडं सगळी चांगली. पण येणारा जाणारा दारातच विचारायचा, "तात्या, कसं झालं हो?" मी सांगायचो. दुसरा यायचा, त्याला सांगायचो. सून सांगायची, थोरला सांगायचा. धाकट्यानं ओझरला नेलं, कारखान्याच्या वसाहतीत, त्याच्या क्वार्टरमध्ये. तिथंही शेजारचे आले, बसले, विचारलं, "काकूंचं कसं झालं?" तेव्हा मला उल्हासनगरचं घर आठवलं, जिथं ती गेली नव्हती.

मी परत आलो आणि एका पहाटे टोपी घातली, गंगा ओलांडली आणि सराफ बाजाराच्या बाजूच्या आळ्यांतून दारं बघत हिंडलो. तिच्यासारखं मला जमत नाही. एका दारापुढं जास्त थांबलो तर आतून माणूस ओरडला, "काय पाहिजे, बाबा?" मी म्हटलं, "काय नाय. बघतो." दोन दिवस हिंडून फुलबाजाराच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, एक खोली घेतली.

पोरं खवळली. थोरला म्हणाला, "दोन पोरं असून बाप भाड्याच्या खोलीत! गाव काय म्हणंल?"

"सांग गावाला, बाप मुक्कामाला गेलाय."

"किती दिवस?"

"माईंना जाऊन विचार," मी म्हटलं. त्याला माई कोण ते धड आठवेना.

खाली अंधार असतानाच लिलाव सुरू होतो. हमाल भांडतात, पाट्या आदळतात, चहावाला बोंबलतो. झोप लागत नाही. आवाज जित्या माणसांचा असतो.

आळीत पुड्या घालणारी बाई भागाच्याच हाताखाली शिकलेली. तिला म्हटलं, माझ्या दाराला पण एक अडकव. ती म्हणाली, "तात्या, तुमच्या मळ्यात फुलं, आन तुम्ही इकत पुडी घेणार? हसतील लोक."

"हसू दे. अडकव."

पहिल्या दिवशी कडी वाजली ती मी ऐकली आणि पडून राहिलो. उन्हं भिंतीवर आली तरी पुडी कडीलाच होती. भागा त्या आळीतून गेली असती तर माझं दार बघून म्हणाली असती, इथं राहू नये.

दुसऱ्या दिवशी लिलावाच्या आवाजाबरोबर उठलो. तोंड धुतलं, टोपी घातली, दाराशी बसलो. जिन्यात पाऊल वाजलं तशी कडी काढली आणि हात पुढं केला. पुडी घेतली, उघडली.

"शेवंती शिळी आहे," मी म्हणालो.

"तात्या," पुडीवाली म्हणाली, "तुमच्याच मळ्यातली हाय."